आमच्या बाजूने सगळं ठीक आहे

चेन्नईत आल्यावर तमिळच्या आधी मला एक वाक्य पाठ झालं: ‘आमच्या बाजूने सगळं ठीक आहे.’ डेटाबेसवाले हे म्हणतात, नेटवर्कवाले म्हणतात, फायरवॉल सांभाळणारी टीम तर ईमेलच्या पहिल्याच ओळीत म्हणते. पुण्याच्या ऑफिसातून तेच वाक्य मराठीत येतं आणि वर ‘तुम्ही तुमचं एकदा बघून घ्या’ असा आहेरही मिळतो. गंमत म्हणजे यातलं कुणीच खोटं बोलत नसतं. प्रत्येकाच्या बाजूने खरोखरच सगळं ठीक असतं, आणि तरी सकाळच्या रिपोर्टमध्ये आकड्यांच्या जागी पांढरं असतं.

मी सांगलीची, संख्याशास्त्र शिकलेली. एसक्यूएल येतं, म्हणजे टेबलांतून हवं ते काढता येतं, बेरजा-सरासऱ्या मांडता येतात. त्या टेबलांच्या खाली एक यंत्र असतं, त्याला पत्ता असतो, ते कुठल्याशा गार खोलीत अहोरात्र घरघरत असतं, याच्याशी माझा कधी संबंध आला नव्हता. जुन्या महाबलिपुरम रोडवरच्या, म्हणजे इथल्या भाषेत ओएमआरवरच्या ऑफिसात मी रुजू झाले तेव्हा डेटाबेस बघणारे गृहस्थ नोटीस पीरियडवर होते. ते गेले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. मॅनेजर म्हणाले, ‘‘तुला एसक्यूएल येतं ना? मग डेटाबेस तूच बघ.’’ स्वयंपाक येतो ना, मग गॅसची पाइपलाइन तूच दुरुस्त कर, असं कुणाला सांगावं तसं ते होतं. पण प्रोबेशनवरच्या माणसाने असलं काही तोंडावर बोलायचं नसतं.

मांडणी वरवर साधी होती. ऑर्डरींचे सगळे व्यवहार पुण्याच्या सर्व्हरवर, रिपोर्ट चेन्नईच्या सर्व्हरवर. दोन्हीकडे पोस्टग्रेस हा डेटाबेस. पोस्टग्रेसमध्ये फॉरिन डेटा रॅपर नावाची सोय आहे. तिच्यामुळे पुण्यातलं टेबल चेन्नईच्या डेटाबेसमध्ये इथलंच असल्यासारखं दिसतं. यादीत आपल्या टेबलांच्या शेजारी ते गुपचूप बसलेलं असतं, नावही तसंच. क्वेरी लिहिणाऱ्याला कळतही नाही की यातल्या एका नावामागे बाराशे किलोमीटरचा रस्ता आहे. नवख्या माणसाची दिशाभूल करायला याहून चांगली सोय शोधून सापडणार नाही.

दोन सर्व्हर दोन शहरांत कशाला, हा माझा पहिला बाळबोध प्रश्न. त्यात शहर निवडलं तर चेन्नई! डिसेंबर २०१५ मध्ये हे शहर पाण्याखाली गेलेलं, १२ डिसेंबर २०१६ ला वरदा चक्रीवादळाने झाडं आणि विजेचे खांब आडवे केलेले, डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँगने पुन्हा सगळं बुडवलेलं. आमच्या टीमच्या ज्येष्ठ मॅडम इथल्याच, मैलापूरच्या. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘‘तुमची मुंबईपण बुडतेच की. पण एका दिवशी दोन्ही बुडत नाहीत.’’ हे पटण्यासारखं होतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा. चेन्नईचा खरा पावसाळा ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्येकडून येणारा. राष्ट्रीय शेअर बाजाराचा मुख्य कारभार मुंबईत असला तरी आपत्तीच्या वेळी वापरायचं त्याचं दूरचं केंद्र चेन्नईत आहे, हेही मला त्यांनीच सांगितलं. सांगलीत २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी पाहिलेलं असल्यामुळे ‘एका दिवशी दोन्ही बुडत नाहीत’ हा हिशेब मला लगेच समजला. बाकी काहीच समजत नव्हतं.

नवा रिपोर्ट सर्व्हर आला आणि तो पुण्याला जोडायचं काम माझ्याकडे आलं. मी माझ्या लॅपटॉपवरून पुण्याच्या डेटाबेसला कनेक्ट झाले, लगेच झालं. मग चेन्नईच्या सर्व्हरवर रॅपर बसवून तीच क्वेरी चालवली, तर मिनिटभर काही नाही आणि शेवटी ‘कनेक्शन टाइम्ड आउट’. पुन्हा लॅपटॉपवरून पाहिलं, व्यवस्थित. पासवर्ड तोच, डेटाबेस तोच, चालवणारी मीच. मग एकीकडे होतं आणि दुसरीकडे होत नाही, हे कसं?

मॅडमनी विचारलं, ‘‘पुण्याशी कोण बोलतंय?’’

‘‘मी.’’

‘‘तू नाही. तू चेन्नईच्या सर्व्हरशी बोलतेयस. पुण्याशी बोलतोय तो सर्व्हर. त्याचा पत्ता वेगळा, वाट वेगळी, फायरवॉलचे नियम वेगळे. तुझा लॅपटॉप या गोष्टीत कुठेच नाही.’’

दूरच्या दोन डेटाबेसमधला लोच्या शोधताना निम्मे लोक इथेच अडकतात, असं आता मी ठामपणे म्हणू शकते. आपण आपल्या खुर्चीवरून तपासतो, आणि अडचण असते ती आपण बसलेलो नाही अशा दोन यंत्रांमध्ये. लॅपटॉपवरून केलेली चाचणी लॅपटॉपबद्दल सांगते, बस. त्या दिवसापासून मी आधी चेन्नईच्या सर्व्हरवर लॉगिन करते आणि तिथून हाक मारून बघते.

मग फायरवॉलच्या टीमला तिकीट. त्यांनी चेन्नईच्या सर्व्हरच्या पत्त्याला पुण्याचं ५४३२ नंबरचं पोर्ट, म्हणजे पोस्टग्रेसचं नेहमीचं पोर्ट, उघडून दिलं. आता मिनिटभर थांबायचीही गरज उरली नाही, ताबडतोब नवी एरर आली: तुमच्या पत्त्यासाठी पीजी-एचबीए फाइलमध्ये नोंद नाही. माझा चेहरा पडला. मॅडम मात्र खूश. ‘‘एरर बदलली ना? म्हणजे पुढे सरकलो.’’

ही एक गोष्ट मला कुठल्या पुस्तकाने सांगितली नव्हती. मी प्रत्येक एररला ‘नाही झालं’ एवढंच समजत होते, आणि ती खरं तर कुठपर्यंत पोचलात याची पावती असते. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे आपला निरोप वाटेत कुणीतरी मुकाट गिळतंय. बहुतेक वेळा फायरवॉल. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर निरोप यंत्रापर्यंत पोचला, पण त्या पोर्टवर ऐकायला कुणी बसलेलं नाही. आमच्या टेस्ट मशीनवर हेच झालं होतं, कारण पोस्टग्रेस नवं बसवलं की मुळात ते फक्त स्वतःच्याच यंत्रावरून येणाऱ्या हाका ऐकतं. ‘लिसन अ‍ॅड्रेसेस’ ही सेटिंग बदलून सर्व्हर पूर्ण रिस्टार्ट केल्याशिवाय त्याला बाहेरचं ऐकू येत नाही. आणि पीजी-एचबीएची तक्रार आली म्हणजे प्रत्यक्ष पोस्टग्रेसनेच तुमच्याशी बोलून तुम्हाला परत पाठवलंय. त्या फाइलमध्ये कोण, कुठून, कुठल्या डेटाबेसला येऊ शकतो याच्या ओळी असतात. पोस्टग्रेस त्या वरून खाली वाचतं आणि जी पहिली जुळते तिथेच थांबतं. वर एखादी नकाराची ओळ जुळली तर खाली कितीही प्रेमाने परवानगी लिहा, तिथपर्यंत ते येतच नाही. ही फाइल बदलल्यावर मात्र रिस्टार्ट लागत नाही, नुसतं रीलोड पुरतं. हे ऐकून पुण्याचा सर्व्हर सांभाळणारे दादा निवांत झाले, कारण भरदिवसा ऑर्डरींचा सर्व्हर रिस्टार्ट करायला सांगितलं असतं तर त्यांनी मला सांगलीचाच रस्ता दाखवला असता.

त्यानंतर पासवर्डची एरर, मग टेबल वाचायच्या परवानगीची एरर. प्रत्येक वेळी मॅडमचं ‘‘सेरि’’, म्हणजे ठीक, ‘‘पुढे.’’ शेवटी आकडे आले.

ते आले खरे, पण रखडत. पुणे-चेन्नई पिंग केलं तर जाऊन यायला पंचवीस-तीस मिलिसेकंद लागत होते. मला हे फारच कमी वाटलं होतं. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, त्यामुळे बाराशे किलोमीटर जाऊन परत यायलाच बारा मिलिसेकंद हवेत. वळसे, राउटर धरले की तीसपर्यंत जाणारच. पण माझी एक क्वेरी इथल्या प्रत्येक ग्राहकासाठी पुण्याला वेगळा प्रश्न विचारत होती. दहा हजार ग्राहक गुणिले तीस मिलिसेकंद म्हणजे पाच मिनिटं निव्वळ येण्याजाण्यात. सगळं एकदम मागून घेतलं तेव्हा काम सेकंदांवर आलं. नेटवर्कवाले अण्णा, आमच्याकडचे सगळ्यात जुने, यावर हसले आणि अंदमानचं उदाहरण दिलं. अंदमानला २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल गेली, तोपर्यंत तिथला सगळा भार उपग्रहावर होता. भूस्थिर उपग्रह छत्तीस हजार किलोमीटर वर. एक प्रश्न जाऊन उत्तर यायला अर्धा सेकंद. ‘‘तीस मिलिसेकंदांची तक्रार करतेस?’’ असं म्हणून त्यांनी फिल्टर कॉफीचा डबरा पुढे सरकवला.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं तिकडे येते.

एका सोमवारी रिपोर्ट अडकला. एरर नाही, टाइमआउट नाही, काहीच नाही. क्वेरी चालू आहे, चालू आहे, चालूच आहे. मी शहाण्यासारखं चेन्नईच्या सर्व्हरवरून तपासायला घेतलं. पिंग जात होतं. पोर्ट उघडं होतं. लॉगिन होत होतं. ‘एकूण ओळी किती’ विचारलं तर क्षणात आकडा आला. एका ऑर्डरची तारीख मागितली, आली. आणि पूर्ण ओळी मागितल्या की सगळं गप्प.

माझ्या डोक्याचा भुगा झाला. आतापर्यंत शिकलेल्या पायऱ्यांमध्ये हे कुठेच बसत नव्हतं. जोडलेलं आहे असं म्हणावं तर ओळी येत नाहीत, तुटलंय म्हणावं तर मोजणी येते. टेबल लॉक झालं असेल? पण मग मोजणी कशी झाली? पुण्याच्या दादांना फोन केला. ‘‘अगं, इथे तुझी क्वेरी दिसतेय. आमचा सर्व्हर केव्हाच उत्तर देऊन मोकळा झालाय. आमच्या बाजूने सगळं ठीक आहे.’’ अण्णांना विचारलं, पिंग दाखवून म्हणाले, लिंक ठीक आहे. फायरवॉलच्या टीमने आदल्या आठवड्याचे नियम जसेच्या तसे असल्याची यादी पाठवली.

एवढं मात्र कळलं की शनिवारी कुठेतरी रस्त्याच्या खोदकामात आमची मुख्य फायबर तुटली होती आणि सगळी वाहतूक आपोआप पर्यायी वाटेवर गेली होती. कुणाच्या जेसीबीने तोडली हे अशा वेळी कधीच कळत नाही. पर्यायी वाट म्हणजे साध्या इंटरनेटवरून जाणारा, कुलूपबंद केलेला आयपीसेक टनेल. बदल झाला तेव्हा सगळ्यांनी पिंग करून पाहिलं होतं आणि शाबासकी वाटून घेतली होती.

मॅडमनी एकच केलं. दोन्ही टोकांना, एकाच वेळी, टीसीपीडम्प लावायला सांगितलं. हे हत्यार वायरवरून जाणारं-येणारं प्रत्येक पाकीट ओळीने छापतं. एका कानाला फोन, फोनवर पुण्याचे दादा. माझ्या पडद्यावर चेन्नईची बाजू. क्वेरी सोडली. इकडून छोटी पाकिटं गेली, तिकडून छोटी उत्तरं आली. दादा वाचून दाखवायला लागले, ‘‘आता डेटा सोडला. लांबी १४४८.’’ माझ्याकडे काही नाही. ‘‘परत सोडला, तोच. १४४८.’’ काही नाही. ‘‘परत तोच. आता जरा थांबून. परत. आता आणखी थांबून.’’ प्रत्येक वेळी मधली उसंत दुप्पट होत होती. पोच आली नाही की टीसीपी असंच दम खात-खात पुन्हा पाठवतं. लिनक्स मुळातल्या सेटिंगवर अशी साधारण पंधरा मिनिटं वाट बघून मग नाद सोडतं. माझ्या पडद्यावर त्या १४४८ पैकी एकही आलं नाही. माझ्या मागे उभे असलेले अण्णा पुटपुटले, ‘‘वरलै.’’ आलं नाही. एवढं तमिळ मला तोवर समजत होतं.

मग त्यांनी खुर्ची ओढली आणि माझ्याकडचा कीबोर्ड घेतला. पिंग नुसतं करायचं नाही, म्हणाले, जाड करायचं आणि ‘वाटेत तुकडे करू नका’ असा शिक्का मारून पाठवायचं. साधं पिंग अगदी लहान असतं, ते कुठूनही जातं. त्यांनी १४७२ बाइटचं पाठवलं. त्यावर डोक्यावरचे २८ धरले की १५००, म्हणजे इथरनेटवरच्या पाकिटाची नेहमीची कमाल लांबी. गेलं नाही. १४००, गेलं नाही. १३७२, गेलं! त्यापुढचा एक बाइटही जाईना. म्हणजे नव्या वाटेवर १४०० च्या वर लांब काही मावत नव्हतं. कुलूपबंद करताना टनेल प्रत्येक पाकिटाला आपली वेष्टनं चढवतो, तेवढी आतली जागा कमी होते.

मोजणीचं उत्तर इवलंसं होतं, ते गेलं. लॉगिनही इवलंसं. आणि ओळी? फॉरिन डेटा रॅपर मुळातल्या सेटिंगवर एका खेपेला शंभर ओळी आणतो. त्या शंभर ओळी भरल्या की पाकीट पूर्ण लांबीचं होणार, आणि ते टनेलच्या तोंडाशी पडणार.

पडलं तर पडलं, पण पाठवणाऱ्याला कुणी सांगितलं का नाही? इथे मला खरा राग आला. कारण सांगायची सोय आहे, आणि ती जुनी आहे. वाटेतल्या राउटरने आयसीएमपीचा एक छोटा निरोप उलट पाठवायचा असतो: पाकीट फार मोठं आहे, इतक्या लांबीचं पाठव. पाठवणारा मग आपणहून लांबी कमी करतो. वाटेची लांबी अशी शोधायची रीत १९९० सालीच आरएफसी ११९१ मध्ये लिहून ठरलेली आहे. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी. आमच्याकडे मध्ये असलेल्या फायरवॉलवर सुरक्षेच्या नावाखाली पिंग सोडून आयसीएमपीचा बाकी सगळा प्रकार बंद होता. टनेल बिचारा निरोप पाठवत होता, फायरवॉल तो फेकून देत होती, पुण्याचा सर्व्हर तेच लांबलचक पाकीट पुन्हा-पुन्हा पाठवत होता. दादांच्या बाजूने ठीक, अण्णांच्या बाजूने ठीक, नियमांची यादी आदल्या आठवड्यासारखीच. शब्दाशब्दाने सगळे खरे.

दुरुस्ती फार मोठी नव्हती. टनेलच्या दोन्ही टोकांना टीसीपीच्या तुकड्याची कमाल लांबी १३६० वर आवळली, आणि फायरवॉलवर तो एक निरोप मोकळा केला. त्यासाठी लागणाऱ्या सह्या मात्र दुरुस्तीपेक्षा जास्त वेळ खाऊन गेल्या. संध्याकाळी ओळी आल्या. खाली टपरीवर गरम सुंडल खाताना अण्णा म्हणाले, आता मुख्य लिंक परत येईल तेव्हा पुन्हा तपास, नुसतं पिंग करू नकोस.

या प्रकारानंतर मी २४ फेब्रुवारी २०२१ ची गोष्ट काढून वाचली. त्या दिवशी राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११.४० ला थांबले ते दुपारी ३.४५ ला सुरू झाले. बाजाराकडे दोन वेगवेगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या लिंक होत्या, म्हणजे एक गेली तर दुसरी. दोन्ही डळमळल्या, नंतरच्या खुलाशात रस्त्यावरच्या खोदाईचं कारण आलं. लिंक गेल्यावर साठवणुकीच्या यंत्रणेने जसं वागायला हवं होतं तसं ती वागली नाही, आणि जोखमीवर नजर ठेवणारी यंत्रणा अडली. चेन्नईचं केंद्र होतं, पण कारभार तिकडे हलवला गेला नाही. पुढच्याच महिन्यात सेबीने नियम कडक केले, आणि २ मार्च २०२४ च्या शनिवारी बाजाराने खास सत्र भरवून चालू व्यवहार आपत्ती केंद्रावर नेऊन दाखवले. पर्यायी वाट आहे एवढं पुरत नाही, तिच्यावरून खरा माल नेऊन बघावा लागतो, हे एवढ्या मोठ्या संस्थेलाही सुट्टीच्या दिवशी करून बघावं लागतं. आमच्या ऑफिसात हे वाक्य मी मीटिंगमध्ये म्हटलं तेव्हा मॅनेजरनी दर तिमाहीला एक शनिवार माझ्याच नावावर लिहून टाकला.

फायरवॉल सांभाळणाऱ्या वाचकांना मात्र एक विनंती आहे, कळकळीची. आयसीएमपी सरसकट बंद करू नका. ‘पाकीट फार मोठं आहे’ सांगणारा प्रकार ३, कोड ४ एवढा एक निरोप जाऊ द्या. आणि आमच्यासारख्या नवख्यांनी तिकीट टाकलं की ‘आमच्या बाजूने ठीक आहे’ हे लिहिण्याआधी दुसऱ्या बाजूला फोन लावून दोन्हीकडचं एकत्र बघा. त्याला दहा मिनिटं लागतात.